प्रेमलाकाकींचा बारावा महिना

शिरगावात कुणी पालघर-बोईसरकडे खोली किंवा फ्लॅट घेतला की वास्तुशांतीच्या आधी तो दोन घरांच्या पायऱ्या चढतो. पहिल्या भटजींच्या आणि दुसऱ्या प्रेमलाकाकींच्या. भटजी मुहूर्त सांगतात आणि दक्षिणा घेतात. काकी घर भाड्याने कसं द्यायचं ते सांगतात आणि काहीच घेत नाहीत. ऐकणाऱ्याने मध्ये तोंड उघडायचं नाही, एवढीच त्यांची अट असते.

प्रेमला शांताराम राऊत हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त लाइटबिलावर आणि करारावर दिसतं. वय चौसष्ट. पहाटे वाडीतला मोगरा खुडायचा, दुपारी झाडूसाठी नारळाच्या झावळ्यांचे हीर काढायचे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून जगाला सल्ला द्यायचा, असा त्यांचा दिवस. स्वतःची मालमत्ता म्हणाल तर बोईसरला दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट. हॉल, बेडरूम, किचन आणि चार कपडे वाळतील एवढी गॅलरी. एका फ्लॅटच्या जिवावर ही बाई गावभर शहाणपण कसं वाटते, असं एकदा कुणीतरी म्हणालं. ते काकींच्या कानावर गेलं. "डॉक्टरने काय सगळे रोग स्वतः काढलेले असतात?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि प्रश्न मिटला.

त्यांचा सल्ला ऐकण्यासारखा असे, हे मान्य करायला हवं. सातपाटीची साखरबाई रोज टोपली घेऊन शिरगावात मासे विकायला येते. तिने बोईसरला एक खोली घेतली तेव्हा काकींच्या ओट्यावर मोरलीच्या पात्यावर बोंबील कापता कापता तिने सगळं ऐकून घेतलं होतं.

"आधी तू सवता एक दिस तिथं ऱ्हा," काकी म्हणाल्या. "पाणी किती वाजता येतं, संडासाची कडी लागते का, कंपनीचा वास कुठल्या खिडकीतून येतो, ते बघ. नळ गळत असला तर माणूस यायच्या आधी वायसर बदल. भाडेकरूनं सांगितल्यावर केलं तर उपकार वाटत नाय, आधी केलं तर वाटतात. आनी तुझी मोडकी कपाटं तिथं नेऊन ठेवू नको. तो भाडं देतो, तुझ्या अडगळीची राखण करायला येत नाय."

"माणूस कसा वळखायचा?" साखरबाईने विचारलं.

"चपला बघ. दारात काढताना जोडीनं काढल्या तर घर नीट ठेवील. आनी शिफ्ट इचार. नाइटवाल्याला दिवसा झोप लागते, त्याला शाळेच्या बाजूची खोली दिली तर तो दोन महिन्यांत पळतो. काय खातो ते मातर इचारू नको. आपल्या सुकटीचा वास त्याला चालतो का, ते इचार."

मग करार, फोटो, आधारकार्ड, पोलिसांकडचा कागद, हे सगळं आलं. आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, तो नियम आला, ज्यासाठी लोक खरे काकींकडे येत.

"अकरा महिने झाले की बारावा महिना घर मोकळं झालंच पाहिजे. त्या महिन्यात आपण जाऊन ऱ्हायचं. सामान एका खोलीत कुलपात ठेवू दे, पण माणूस तिथं नको. बारा महिने सलग ऱ्हायला का घर त्याचं."

साखरबाईने बोंबील खाली ठेवून कानाला हात लावला.

या नियमाच्या मुळाशी काकींचे यजमान शांताराम होते. देवमाणूस. त्यांची पालघर स्टेशनजवळ एक खोली होती. ओळखीच्या एका गृहस्थाला त्यांनी ती 'दोन महिन्यांपुरती' दिली, कागद केला नाही, आणि तो गृहस्थ तिथे तेहतीस वर्षं राहिला. आता त्याचा नातू तिथे मोबाइलच्या काचा बदलतो. शांताराम गेले तेव्हा तो नातू पाच दिवस डबा घेऊन आला होता. त्यामुळे काकींना त्याला शिव्याही नीट देता येत नाहीत, आणि हे दुःख खोली गेल्याच्या दुःखाहून मोठं आहे.

पुढे केळव्याला काकींच्या भावांनी माहेरची वाडी विकली. सुपारीची, पानवेलींची जुनी वाडी. भावांनी बहिणीचा वाटा तिच्या हातात ठेवला आणि काकींनी त्यातून बोईसरचा फ्लॅट घेतला. तो स्वतःच्या नावावर घेतला. मुलगा भावेश म्हणाला, "आई, दोघांच्या नावावर करू." काकी म्हणाल्या, "करू की," आणि केलं नाही.

पहिला करार पुतण्याने, मितेशने केला. मितेशचं बोईसरला झेरॉक्सचं दुकान आहे. घरं भाड्याने देण्या-घेण्याचं कामही तो तिथूनच बघतो. लॅपटॉपवर भराभर टाइप करता करता तो म्हणाला होता, "काय घाबरू नको काकी. अकरा महिने त्यांचे, मग घर तुझं." बोलायची एक पद्धत असते, तसं तो बोलला. पण शांतारामांच्या खोलीने पोळलेल्या बाईने ते वाक्य पदराच्या गाठीला बांधलं. अकरा महिने त्यांचे. बारावा माझा.

झालं. करार एक जूनला सुरू व्हायचा, तीस एप्रिलला संपायचा. एक मेला काकी एक पिशवी, एक उशी आणि आंब्यांची करंडी घेऊन शिरगावहून निघायच्या. भाडेकरू होते खानदेशातले कैलास आणि अर्चना. कैलास औद्योगिक वसाहतीत कापड रंगवण्याच्या कारखान्यात. पहिल्या वर्षी दोघांना वाटलं, समुद्रकाठची रीत असेल. मे महिन्यात गावाकडे लग्नं असतात, भाडंही त्या महिन्याचं लागत नाही, मग कशाला विचारा? कैलास वर्षभर सुट्ट्या साठवायचा आणि मे महिन्यात बायकोला घेऊन गावी जायचा. मितेशला वाटायचं, काकींना उन्हाळ्यात जरा बदल हवा असेल. काकींना वाटायचं, कायदा आहे. ज्याला जे वाटत होतं ते त्याने दुसऱ्याला सांगितलं नाही, आणि चार वर्षं सगळं सुरळीत चाललं.

गंमत पुढेच आहे. काकींचा नियम गावात पसरला. मे महिन्यात मुंबईची माणसं गाड्या भरभरून केळव्याला, शिरगावला हवा खायला येत, आणि त्याच वेळी शिरगावच्या अर्धा डझन बायका पिशव्या उचलून बोईसरच्या कारखान्यांच्या वासात राहायला जात. रिक्षावाल्यांना याचा उलगडा आजवर झालेला नाही.

आता खरं सांगायचं तर काकींना तो महिना फार आवडायचा. हे त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या शिरगावला आल्या. आधी सासूचं घर, मग नवऱ्याचं, आता सुनेचं. सून वैष्णवी वाईट नव्हती. उलट हुशार होती, तिने घरातल्या दोन खोल्या मुंबईच्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती. मे महिन्यात पाहुण्यांना दिलेली एक खोली काकींचीच असायची. बोईसरला मात्र त्या सकाळी सातपर्यंत झोपायच्या. चहा पहिल्यांदा स्वतःसाठी करायच्या. गॅलरीत पापड वाळत घालून खुर्ची टाकून बसायच्या, आणि दुपारी जेवायला काय करू, असं कुणालाही विचारायच्या नाहीत. बारावा महिना म्हणजे त्यांचं सुख होतं, आणि वर त्याला कायद्याचा शिक्का होता. सुनेला 'मला महिनाभर माझ्या घरात राहायचंय' असं सांगणं काकींना जन्मात जमलं नसतं. 'कायदाय बाई, जायलाच लागतं' हे मात्र त्या तोंड पाडून छान सांगायच्या.

आणि यंदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कैलासचा फोन आला.

"काकी, जरा अडचण आहे. अर्चनाला आठवा लागलाय. डॉक्टर म्हणतात वार खाली आहे, प्रवास अजिबात नाही, पडून राहायचं. गावी नेता येत नाही. तिला आई नाही, माझी आई गुडघ्यांनी बसलीय. मेमध्ये आम्ही इथेच राहिलो तर चालेल का? भाडं देतो."

काकी म्हणाल्या, "बघते." आणि फोन ठेवून ओट्यावर बसून राहिल्या.

नाही म्हणायला जीभ उठत नव्हती. पोटुशी बाई, तिला कुठे काढायची? पण हो म्हटलं तर बारा महिने सलग. शांतारामांची खोली अशाच एका 'अडचण आहे' या वाक्याने गेली होती. तीसुद्धा दोन महिन्यांसाठी. माहेरच्या वाडीतलं एवढंच उरलंय, तेही गेलं तर? आणि मे महिन्यात त्या स्वतः कुठे झोपणार होत्या? त्यांची खोली वैष्णवीने केव्हाच दादरच्या एका कुटुंबाला देऊन टाकली होती. काकींना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही, कारण तेवढ्यात त्यांना तोड सुचली.

एक मेला सकाळी दहा वाजता बोईसरच्या फ्लॅटची बेल वाजली. कैलासने दार उघडलं. दारात काकी, पिशवी, उशी आणि करंडी.

कैलासचा चेहरा उतरला. "काकी, मी म्हणालो होतो ना..."

"मला सगळं आठवतं. मे महिना माझा हाय, तवा मी आले. तुमाला कोन जा म्हणतंय? आजपासून तुमी माझे पाव्हणे. पाव्हण्याला घरात हक्क नसतो, कितीबी दिस ऱ्हायला तरी. कळलं?" त्या आत आल्या, जोडीने चपला काढल्या आणि बेडरूमच्या दारातून डोकावल्या. "तू उठू नको गो. पाव्हणी हायस ना."

कायद्याच्या इतिहासात अशी तोड कुठल्या वकिलाने काढली असेल असं वाटत नाही. आणि काकींनी ती अक्षरशः पाळली. पाहुण्यांनी किचनमध्ये यायचं नाही. पाहुण्यांनी झाडू उचलायचा नाही. कैलासने एकदा स्वतःच्या जेवणाचं ताट घासायला घेतलं, तर काकींनी त्याच्या हातून ओढून घेतलं. "माझं घर बळकावायचा इचार हाय काय?" त्या म्हणाल्या. त्यानंतर कैलास पाणीसुद्धा विचारून प्यायला लागला.

जेवणाचं तेवढं जमेना. काकींचं सगळं खोबऱ्यात, खानदेशी जिभेला ते गोड लागायचं. तिसऱ्या दिवशी अर्चना पडल्या पडल्या म्हणाली, "काकी, वांग्याचं भरीत खावंसं वाटतंय. हिरव्या मिरचीचं, शेंगदाणे घालून." काकींनी तिच्याकडून पलंगावरून सूचना घेत घेत भरीत केलं. मिरचीच्या खाटाने खोकून खोकून डोळे लाल झाले. "ह्यात खोबरं नाय, कोकम नाय, मग हाय काय?" असं म्हणत त्यांनी दोनदा वाढून घेतलं. मग चौथ्या दिवशी त्यांनी सुक्या जवळ्याची चटणी पुढे ठेवली. चार वर्षं या वासाने नाक मुरडणाऱ्या अर्चनाने ती बोटाने चाटूनपुसून संपवली आणि उद्या परत करा म्हणाली. पोटातलं पोर बोईसरचं आहे, असा निकाल काकींनी दिला.

दुपारी कैलास कामावर असला की दोघी बोलत बसायच्या. अर्चना आईबद्दल सांगायची. नववीत असताना आई गेली, त्यानंतर माहेर म्हणजे भावाचं घर. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं असतं म्हणतात, पण वहिनीचा फोनही नव्हता. काकी ऐकायच्या आणि तिच्या केसांना तेल लावायच्या. आपल्या महिन्यात खुर्ची टाकून बसायला वेळच मिळत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्याचं वाईट वाटत नाही, हेही लक्षात आलं. ते त्यांना जरा विचित्र वाटलं.

एकोणीस मेला अर्चनाला दवाखान्यात न्यावं लागलं. सिझर झालं. मुलगी. दोघी चांगल्या. घरी आल्यावर काकींनी पहिल्यांदा बाळाचा दाखला कैलासकडून मागून घेतला आणि पत्त्याच्या जागी आपल्या फ्लॅटचा नंबर वाचून त्या थोड्या गंभीर झाल्या. "हिच्या नावावर पत्ता चढला," त्या म्हणाल्या. मग बाळाकडे बघून स्वतःशीच म्हणाल्या, "चढू दे. ही काय खोली बळकावते."

तीस मेला बारसं होतं. बाराव्या दिवशी. शेजारच्या चार बायका आल्या. बाळाची आत्या गावी होती, तेव्हा तिच्या वतीने काकींनी बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव ठेवलं पूर्वी. मितेशही लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आला. एक जूनपासून नवा करार होता, तेव्हा घुगऱ्या आणि सह्या दोन्ही एकदम उरकावं असा त्याचा बेत. अर्चना आतल्या खोलीत पलंगावर, बाळ पाळण्यात, बाकीचे हॉलमध्ये.

काकींनी अभिमानाने आपली तोड पुतण्याला सांगितली. "बाराव्या महिन्यात मी त्यांना पाव्हणे केले. आता कुठला कोर्ट बोलतो बघू."

मितेश घुगऱ्या खाता खाता थांबला. "कुठला बारावा महिना?"

"घर मोकळं ठेवायचा. तूच सांगितलास ना, अकरा महिने त्यांचे, मग घर तुझं."

मितेशला आधी कळेना. मग कळलं, आणि त्याला हसू आवरेना. हसता हसता घुगरी घशात अडकली, कैलासने पाठीत थापट्या मारल्या. "काकी, असं काय नसतं गो. तीस एप्रिलला संपला तर एक मेला नवा करार करता येतो. घर सोडायला लागत नाय. मोकळंबी ठेवायला लागत नाय. कागद नीट असला का घर तुझंच. म्हणजे तू दर मेला इथं... आनी ती साखरबाई? आनी त्या सगळ्या?"

"सगळ्या," काकी म्हणाल्या.

शेजारणी हसल्या. कैलासही हसला, चार वर्षं साठवलेल्या सुट्ट्या आठवून जरा कमी हसला. काकी हसल्या नाहीत. गावात आपलं हसं होईल, हे त्यांच्या मनात आलं आणि गेलं. त्यांना दुसरंच बोचत होतं. कायदा नव्हताच, तर पुढच्या मेला वैष्णवीला काय सांगून निघायचं? चौसष्ट वर्षांच्या बाईला महिनाभर स्वतःच्या घरात एकटं राहायचंय, याला कुणी कारण म्हणतं का? घर तर वाचलं, चार वर्षं वाचलेलंच होतं. महिना गेला.

"मग आता सलग करू," मितेश टाइप करत म्हणाला. "दोन वर्षांचा करू काय? येवढी धावपळ नको."

"मितेशभाऊ," आतून अर्चनाचा आवाज आला. "करार पहिल्यासारखाच करा. एक जून ते तीस एप्रिल."

"वहिनी, गरज नाय त्याची. तुमालाच तरास."

"गरज आहे. मे महिना काकींचा." ती पुढे म्हणाली, "आणि मीही मेमध्ये इथेच असणार. बाकीचं वर्ष हे माझं भाड्याचं घर. मेमध्ये माहेर. मला दुसरं नाही."

 काकींनी पदराने नाक पुसलं. माहेरची वाडी विकून हे घर आलं होतं, हे त्यांनी अर्चनाला कधी सांगितलं नव्हतं. त्यांना एकदम केळव्याची वाडी आठवली, मे महिन्यात पोरं घेऊन माहेरी गेल्यावर आई पहिल्यांदा काय म्हणायची ते आठवलं. आई म्हणायची, आता काय करू नको, नुसती बस.

"पाव्हणी म्हणून ऱ्हायचं हां," काकी म्हणाल्या. "झाडूला हात लावायचा नाय."

"नाही लावणार," अर्चना म्हणाली.

मितेशने निमूट तारखा घातल्या. अंगठ्याच्या मशीनवर काकींचा अंगठा उठेना, मोगऱ्याने आणि हिरांनी रेघा कधीच पुसल्या होत्या. चौथ्या वेळी तेल पुसून घेतल्यावर उठला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काकी शिरगावच्या ओट्यावर परत आल्या. मासेमारीची बंदी लागली होती, होड्या सातपाटीच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. साखरबाई टोपलीत सुके बोंबील घेऊन आली. तिचा बारावा महिना जूनमध्ये पडायचा. बंदीत तिला काम नसे आणि तिचे दोन्ही भाडेकरू पेरणीला गावी जात. टोपलीशेजारी या खेपेला एक कापडी पिशवीही होती, कपडे भरलेली.

तिने बोंबील मोजले नाहीत. ती काकींकडे बघत उभी राहिली.

"मितेश सांगत होता, बारावा महिना ठेवायला लागत नाय. कायदाच नाय तसा," ती म्हणाली. "खरं काय काकी?"

"खरं हाय. कायद्यानं नाय लागत."

साखरबाईचा चेहरा पडला. तिने पिशवी पायाने जरा मागे सारली. घरात तीन मुलगे, दोन सुना, सात नातवंडं. तो चेहरा का पडला, ते शिरगावात एकट्या काकींना कळलं असतं.

"खोली कुणाच्या नावावर हाय तुझी?" काकींनी विचारलं.

"माझ्या."

"मग लागतो," काकी म्हणाल्या.